फॅट कमी की कार्ब कमी, चालायचं की वेट उचलायचं: उलटसुलट सल्ल्यांतून आपलं कसं ठरवायचं

एक जण सांगतो फॅट अजिबात नको, दुसरा म्हणतो फॅट बिनधास्त खा पण कार्ब (भात, पोळी, साखर यांतलं कार्बोहायड्रेट) बंद कर, तिसरा म्हणतो रोज दहा हजार पावलं चाल बाकी काही लागत नाही, चौथा म्हणतो चालून काही होत नसतं वेट उचल, आणि चौघंही ठामपणे बोलतात, चौघांकडे अभ्यासांची नावं पण असतात, मग ऐकायचं कोणाचं? माझं स्पष्ट मत आहे की यातले अर्धे वाद एका प्रश्नाने मिटतात. कोणी काही सोडायला किंवा करायला सांगितलं की विचारायचं, ठीक आहे, पण कशाच्या जागी? हा प्रश्न हातात धरून पुढचं सगळं वाचा आणि मग आपापलं ठरवा.

आधी फॅट घेऊ कारण तिथे गोंधळ जास्त आहे. अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला, आणि जिथे लोणी-सायीत असतं तसलं सॅच्युरेटेड फॅट जास्त खाल्लं जायचं तिथे कोलेस्टेरॉल आणि हार्टचे आजार पण जास्त असं त्यात दिसलं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जॉन युडकिन सांगत होते की खरा दोष साखरेचा आहे. पुढे सरकारी सल्ले फॅट कमी करा या बाजूला गेले आणि दुकानांत लो-फॅट लिहिलेले पदार्थ आले, ज्यातल्या कितीतरी पदार्थांत फॅट काढून साखर आणि स्टार्च घातलेला होता. म्हणजे एक गोष्ट काढली पण तिच्या जागी काय आलं ते कोणी नीट पाहिलंच नाही, आणि आजचं भांडण बरंचसं तिथूनच आलंय.

आता दोन मोठ्या ट्रायल्स शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत ४८,८३५ रजोनिवृत्ती झालेल्या बायकांची एक ट्रायल झाली, त्यातल्या एका गटाला एकूण फॅट कमी करून फळं, भाज्या, धान्यं वाढवायला सांगितलं, साधारण आठ वर्षं लक्ष ठेवलं, २००६ मध्ये निकाल आला आणि हार्टचे आजार किंवा स्ट्रोक यांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. यावरून बरेच जण म्हणायला लागले की बघा, फॅटचा काही संबंधच नाही. पण त्यात सगळंच फॅट कमी केलं होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. दुसरी स्पेनमधली, तिथे एका गटाला भरपूर ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला अक्रोड-बदामासारखा सुकामेवा आणि तिसऱ्याला फॅट कमी करायचा सल्ला दिला, आणि पहिल्या दोन गटांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून साधारण ३० टक्के कमी दिसले. २०१३ चा तो पेपर लोकांची गटांत विभागणी करताना चुका झाल्यामुळे मागे घेऊन २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासकट परत छापावा लागला, निष्कर्ष बहुतेक तोच राहिला पण भाषा जरा सौम्य झाली. दोन्ही ट्रायल्स एकत्र वाचल्या तर फॅट किती यापेक्षा कुठलं फॅट आणि कशाच्या जागी हेच महत्त्वाचं ठरतं.

सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे लोणी, साय, चरबीचं मांस, पाम तेल, खोबरेल तेल यांत जास्त असतं ते, कमी करून त्याजागी सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला, मोहरी, ऑलिव्ह अशी तेलं, सुकामेवा, मासे आले तर हार्टची जोखीम कमी होते. त्याजागी अख्खी धान्यं आली तरी फायदा दिसतो. पण त्याजागी पांढरा ब्रेड, बिस्किटं, गोड पेयं आली तर फायदा जवळजवळ शून्य. म्हणून लोणी वाईट म्हणणारा आणि लोण्याने काही होत नाही म्हणणारा दोघंही अभ्यास दाखवू शकतात, एकाच्या अभ्यासात तुलना तेलाशी असते, दुसऱ्याच्या मैदा-साखरेशी. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात निदान दोन वर्षं सॅच्युरेटेड फॅट कमी केलेल्या ट्रायल्स एकत्र केल्या, त्यात हार्ट आणि रक्तवाहिन्यांचे झटके साधारण १७ टक्क्यांनी कमी निघाले, एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक नव्हता. हे दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत, एक बाजू पहिलाच सांगते आणि दुसरी बाजू दुसराच.

फॅट खा कार्ब सोडा म्हणणारे बऱ्याचदा २०१७ चा १८ देशांतला, एक लाख ३५ हजार लोकांचा अभ्यास पुढे करतात, ज्यात जास्त कार्ब खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, लोक काय खातात ते विचारून नोंदवलं, कोणाला काही बदलायला लावलं नाही. आणि त्यात सगळ्यात वरच्या गटाचं खाणं बघाल तर निम्म्याहून कितीतरी जास्त कॅलरी कार्बमधूनच, असं एकसुरी जेवण खूपदा गरिबीतून येतं. तेव्हा पांढऱ्या स्टार्चवर पोट भरू नका एवढं त्यातून नक्की घ्या, लोण्याला परवानगी मिळाली असं त्यातून निघत नाही.

बियांची तेलं शरीरात सूज वाढवतात हे पण सध्या फार ऐकू येतं. त्या तेलांतलं लिनोलेइक अ‍ॅसिड वाढवून केलेल्या ट्रायल्समध्ये रक्तातले सूज दाखवणारे मार्कर वाढलेले दिसत नाहीत. विरुद्ध बाजूकडे एक खरा मुद्दा आहे, मिनेसोटातली जुनी ट्रायल जिचे दडून राहिलेले आकडे २०१६ मध्ये छापले गेले, तिथे मक्याचं तेल दिल्यावर कोलेस्टेरॉल उतरलं पण मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र त्यातल्या बहुतेकांनी तो आहार वर्षभर पण घेतला नव्हता, आणि रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं साठत जाणारी गोष्ट तेवढ्यात कळत नाही. तेल परत परत धूर येईपर्यंत तापवणं हा मात्र वेगळा विषय, ते टाळाच.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिलं काम, आहार बदलायच्या आधी रक्ताचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या इतर चरबीची तपासणी) करून घ्या, आणि त्यासोबत ब्लड प्रेशर, कंबरेचं माप आणि जमलं तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी). हे नसेल तर तुम्ही कुणाच्या तरी अनुभवावर चाललाय. ज्याचा एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) वर आहे त्याची वाट आणि ज्याचा एलडीएल ठीक पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि शुगर वर आहे त्याची वाट, या वेगळ्या आहेत. पहिल्याने सॅच्युरेटेड फॅटकडे बघायचं, दुसऱ्याने आधी साखर, मैदा, दारू, कंबर यांच्याकडे. एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळा सल्ला लागू शकतो.

दुसरं काम मोजायचं. तेलाची नवी बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा, संपली की दिवस मोजा. समजा एक लिटरची बाटली, घरात चार जण, दहा दिवसांत संपली. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९२० ग्रॅम, भागिले चाळीस, म्हणजे माणशी दिवसाला २३ ग्रॅम, आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी म्हणून झाल्या २०७ कॅलरी नुसत्या त्या बाटलीतून. डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की मोठ्या माणसाच्या एकूण कॅलरीत फॅट ३० टक्के किंवा कमी, सॅच्युरेटेड १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर फॅट साधारण ६७ ग्रॅम आणि त्यात सॅच्युरेटेड २२ ग्रॅम. एक टेबलस्पून लोण्यात सॅच्युरेटेड ७ ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच खोबरेल तेलात ११ ते १२, तेवढ्याच ऑलिव्ह तेलात २. आकडे समोर आले की कुठे हात लावायचा ते आपोआप दिसतं, आणि सगळं बेचव करून टाकायची गरज नाही हे पण कळतं. उलट फॅट फारच कमी करू नका, ए डी ई के ही व्हिटॅमिन्स शोषायला फॅट लागतं आणि दोन फॅटी अ‍ॅसिड तर शरीर स्वतः बनवूच शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात.

एक गोष्ट मात्र आहे जिच्यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे, ट्रान्स फॅट. कारखान्यात तेलात हायड्रोजन सोडून घट्ट केलेलं फॅट, ते एलडीएल वाढवतं आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली आणतं. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर बंधन घातलं, अमेरिकेत २०१८ पासून अंशतः हायड्रोजिनेटेड तेल पदार्थांत घालायला बंदी लागू झाली. पाकिटावर मोठ्या अक्षरात शून्य ट्रान्स फॅट असं असलं तरी मागे घटकांची यादी वाचा, काही देशांत एका सर्व्हिंगमध्ये ठरावीक प्रमाणाखाली असेल तर शून्य लिहायला परवानगी असते आणि सर्व्हिंग दोन बिस्किटांचं धरलेलं असतं, आपण खातो आठ. यादीत हायड्रोजिनेटेड शब्द दिसला की पाकीट परत ठेवा. आणि तीच यादी बघताना लो-फॅट पदार्थाची साखर त्याच्या साध्या पदार्थाशी ताडून बघा, दोन्ही पाकिटं हातात धरून, १०० ग्रॅमच्या रकान्यात, सर्व्हिंगच्या रकान्यात नको.

वजनासाठी लो-फॅट की लो-कार्ब? स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर हेच तपासलं, २०१८ मध्ये निकाल आला, लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो कमी झालं आणि लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे खरं तर काहीच फरक नाही. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करायला आणि भाज्या वाढवायला सांगितलं होतं, आणि माझ्या मते काम त्याने केलं. प्रत्येक गटाच्या आत मात्र माणसामाणसांत प्रचंड फरक होता, काहींचं खूप उतरलं, काहींचं वाढलं. तेव्हा जे तुम्हाला भूक न मारता वर्षभर जमेल ते घ्या. लो-कार्ब घेतलंत तर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड परत तपासाच, काहींचा एलडीएल त्यात खूप वर जातो आणि वजन उतरल्याच्या आनंदात तो बघायचा राहून जातो.

आता व्यायाम, इथे पण तोच प्रश्न. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला, दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यांवर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हार्टचे आजार कमी होते. तिथपासून आजपर्यंत एक गोष्ट सारखी दिसत आलीय की सगळ्यात मोठा फायदा बसण्याच्या जागी हालचाल आली की होतो. धावण्याच्या जागी सायकल, सायकलच्या जागी पोहणं, यात तब्येतीच्या दृष्टीने फरक किरकोळ. त्यामुळे जो माणूस आज काहीच करत नाही त्याने कुठला व्यायाम सर्वात चांगला यावर महिनाभर शोधाशोध करणं म्हणजे महिना वाया.

दहा हजार पावलांचं मूळ १९६५ च्या सुमाराच्या जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीत आहे, कुठल्या प्रयोगात नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या साडेसोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यू बरेच कमी होते आणि साधारण ७५०० नंतर फायदा सपाट झाला. तरुणांना थोडी जास्त लागत असतील, पण दहा हजार झाली नाहीत म्हणून दिवस फुकट गेला असं धरू नका. आज आहेत त्यापेक्षा दोन हजार वाढवा, म्हणजे साधारण वीस मिनिटं, आणि शुगर वर असेल तर ही वीस मिनिटं जेवणानंतर घ्या, तेव्हा चालल्याने जेवणानंतरची शुगर कमी चढते.

कार्डिओ की वेट, हा वाद मला सगळ्यात निरर्थक वाटतो कारण दोन्हीची कामं वेगळी आहेत. भरभर चालणं, धावणं, सायकल यांनी हृदय-फुप्फुसांची ताकद वाढते, ब्लड प्रेशर आणि ट्रायग्लिसराइड उतरतात. वेटने स्नायू आणि हाडं टिकतात, आणि स्नायू हीच जेवणानंतरची शुगर साठवायची सगळ्यात मोठी जागा. तिशी-चाळिशीनंतर काही केलं नाही तर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि ते नुसत्या चालण्याने थांबत नाही. म्हणूनच डब्ल्यूएचओच्या २०२० च्या सल्ल्यात दोन्ही आहेत, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मध्यम म्हणजे काय ते बोलून बघा, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही ती मध्यम, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय ती जोरकस.

वेळच नाही म्हणणाऱ्यांसाठी थोड्या वेळाच्या जोरकस व्यायामात तथ्य आहे. २०१६ मध्ये छापलेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात व्यायाम न करणाऱ्या पुरुषांना सायकलवर २० सेकंद जिवाच्या आकांताने, असं तीनदा, मध्ये हळू पॅडल, एकूण दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा करायला लावलं, आणि बारा आठवड्यांनी त्यांची फिटनेस ४५ मिनिटं मध्यम सायकल मारणाऱ्यांइतकीच वाढली. पण ते थोडे लोक होते आणि ती २० सेकंद खरोखर जीव काढणारी असतात, चाळिशीच्या पुढे, बीपी किंवा छातीचा त्रास असेल तर पहिल्या दिवशी हे करू नका, आधी सहा-आठ आठवडे चालून पाया तयार करा.

वेटसाठी जिम हवीच असं नाही, एका खुर्चीपासून सुरू करा. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तिच्या पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्याइतकी लांब, टाचा जरा मागे गुडघ्याखाली, हात छातीवर घडी. आता पुढे झुकून उठा, पूर्ण ताठ व्हा, आणि खाली बसताना मोठ्याने एक दोन तीन म्हणत हळू बसा, धपकन नको, खरं काम त्या खाली जाण्यातच होतं. गुडघे आत पडतायत का तेवढं बघा. हातांची मदत लागली तर घ्या. दहा वेळा सहज जमलं की असे तीन राउंड, तेही सहज झालं की दोन्ही हातांत वजन धरा, नंतर खुर्ची काढून टाका. सोबत ढकलायचा एक व्यायाम, आधी भिंतीला पुशअप मग टेबलाला मग जमिनीवर, आणि ओढायचा एक, रबरी बँड किंवा पुस्तकं भरलेली बॅग कमरेत वाकून पोटाकडे ओढायची. झालं, सुरुवातीला एवढे तीन पुरे, आठवड्यात दोन दिवस. नियम एकच, सेट संपताना अजून दोन-तीनच निघाले असते असं वाटलं पाहिजे, अजून पंधरा निघतील असं वाटत असेल तर वजन कमी पडतंय. श्वास कोंडून उचलू नका, बीपीवाल्यांनी तर नाहीच.

रिकाम्या पोटी व्यायाम केला की चरबी जास्त जळते, हळू चालल्याने फॅट जळतं आणि जोरात पळाल्याने नाही, यावर वेळ घालवू नका. त्या तासात शरीर इंधन कुठलं वापरतं ते बदलतं हे खरं, पण उपाशी आणि खाऊन व्यायाम करणाऱ्यांची तुलना केली तेव्हा आठवड्यांनंतर चरबीत फरक दिसला नाही.

आणि आता जिथे दोन्ही विषय एकमेकांत शिरतात ते. व्यायाम करतो म्हणून काहीही खाल्लं तरी चालतं हे चुकीचं आहे, व्यायामाने ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल सुधारतात पण एलडीएल फार हलत नाही, त्यासाठी ताटच बदलावं लागतं. उलट बाजूने, ताट कितीही शुद्ध ठेवलं तरी दम आणि ताकद त्यातून येत नाही. वजन उतरवायला खाणं जास्त उपयोगी, उतरलेलं टिकवायला व्यायाम जास्त उपयोगी. त्यामुळे तुमचा रिपोर्ट काय म्हणतो त्यावरून सुरुवातीचा जोर कुठे द्यायचा ते ठरवा, दोन्ही एकदम उलथंपालथं केलंत तर कशाने काय झालं ते कळणार पण नाही. आधी खाण्यातला एक बदल, उदाहरणार्थ लोण्याच्या जागी तेल, संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी मूठभर सुकामेवा, आणि चालणं वीस मिनिटं वाढवणं, हे सहा ते आठ आठवडे. मग त्याच लॅबमध्ये परत लिपिड.

व्यायाम करताना छातीत दाब, जबडा किंवा हातात दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा धाप लागणं असं काही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालणं वाढवल्यावर किंवा कार्ब कमी केल्यावर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस आधीच डॉक्टरांकडून नीट करून घ्या. आणि एलडीएल १९० mg/dL च्या वर असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर आठ आठवडे थांबूच नका. तिथे बऱ्याचदा कारण जीन्समध्ये असतं, नुसत्या आहाराने ते पुरेसं उतरत नाही, गोळी लागते, आणि ती चालू झाली तरी तेलाच्या बाटलीवरची तारीख आणि खुर्चीचा व्यायाम दोन्ही चालूच ठेवायचे.